शोभेचं तळं, धरणाचा भार

"आपली जमीन, आपला पैसा, आपण हौसेने बांधलेलं तळं. चार बदकं, दोन होड्या, काठावर बसायला बाक. यात सरकारचा काय संबंध, आणि खालच्या गावाचा तरी काय?"

हा युक्तिवाद गेल्या वर्षभरात मी निदान चार जणांकडून ऐकला. त्यातले दोघे आमच्याच नात्यातले आहेत आणि हा ब्लॉग वाचतात. फोनवर त्यांना अर्धवट दिलेलं उत्तर आज इथे पूर्ण देते. हौसेला माझा विरोध नाही. पाणी कुणाला आवडत नाही? माझा विरोध आहे तो त्या 'आपलं' या शब्दाला. जमीन आपली असेल, बांध आपला असेल. पण मागे अडवलेलं पाणी बांध धरून आहे तोवरच आपलं. बांध फुटला की ते उताराचं.

आधी एक साधं गणित करू, पाचवीतल्या मुलालाही जमेल असं. तळं दोन एकरांचं आहे आणि सरासरी खोली अडीच मीटर आहे असं धरा. दोन एकर म्हणजे सुमारे आठ हजार चौरस मीटर. गुणाकार केला की वीस हजार घनमीटर पाणी. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन. म्हणजे दहा टनी दोन हजार ट्रक भरतील एवढा भार कुणाच्या तरी घराच्या वरच्या अंगाला मातीच्या एका ढिगामागे उभा आहे. आणि जाहिरातीत त्याचं नाव काय, तर 'लेक व्ह्यू'!

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: तळ्याला जे जे शोभतं, ते ते बहुधा धरणाला सोसत नाही. म्हणूनच करमणुकीसाठी पाणी अडवणाऱ्यावर शेतीसाठी अडवणाऱ्यापेक्षा जास्त कडक नजर हवी. आपल्याकडे नेमकं उलटं आहे.

मातीचं धरण टिकतं कसं ते थोडक्यात पाहू. त्याच्या माथ्यावरून पाणी कधीही वाहता कामा नये. दगडी भिंतीवरून पाणी गेलं तर बहुतेक वेळा भिंत ते सोसते. मातीचा माथा मात्र कापत जातो आणि तासा-दोन तासांत भगदाड पडतं. म्हणून जादा पाणी बाजूने काढून द्यायला सांडवा लागतो आणि तो मोकळा असावा लागतो. दुसरी गोष्ट पाझर. मातीच्या बांधातून थोडं पाणी झिरपणारच. ते निवळ असेल आणि तेवढंच राहत असेल तर फारसं बिघडत नाही. वाढायला लागलं किंवा गढूळ यायला लागलं, तर पाण्याबरोबर पोटातली माती चालली आहे असं समजायचं. तिसरी गोष्ट म्हणजे गरज पडली तर तळं रिकामं करता यावं, त्यासाठी तळाशी नळ आणि चालू स्थितीतलं दार. चौथी, बांधावर झाडं नकोत. मूळ जिवंत असतं तेव्हा माती सैल करतं, मेलं की कुजून पाण्याला वाट करून देतं, आणि वादळात झाड उन्मळलं तर बांधाचा लचका घेऊनच पडतं.

आता शोभेच्या तळ्याच्या मालकाला काय हवं असतं ते पाहा. तळं बारा महिने काठोकाठ हवं, कारण चिखल दिसला तर पाहुणे नाक मुरडतात. बांधावर सावलीची झाडं हवीत. माथ्यावरून गाडी जाईल असा रस्ता हवा. सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळी हवी. तळाचा नळ कशाला हवा? तळं रिकामं कुणाला करायचं आहे! एकेक मागणी वेगळी घेतली तर निरागस वाटते. सगळ्या एकत्र केल्या की धरण फोडायची कृती तयार होते.

हे मी कल्पनेने रचलेलं नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात साऊथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं. सरकारने ते कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलं. १८३८ साली काम सुरू झालं आणि १८५३ साली संपलं, तोवर रेल्वे आली आणि कालव्याची गरजच उरली नाही. धरण रेल्वे कंपनीकडे गेलं, मग हात बदलत राहिलं. मधल्या एका मालकाने तळाचे पाच लोखंडी नळ काढून भंगारात विकले. १८७९ साली ते पिट्सबर्गच्या धनिकांच्या मासेमारी आणि शिकार क्लबसाठी घेतलं गेलं. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक, अँड्र्यू मेलन ही मंडळी या क्लबची सभासद. क्लबने धरणाची डागडुजी केली, पण काढलेले नळ परत बसवले नाहीत. दोन घोडागाड्या शेजारून जाव्यात म्हणून माथा दोन-तीन फूट खाली आणून रुंद केला. मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या.

खाली साधारण २३ किलोमीटरवर जॉन्सटाऊन हे पोलादाचं गाव होतं. तिथल्या केंब्रिया आयर्न कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी १८८० साली आपला अभियंता पाठवून धरणाची पाहणी करून घेतली. पाणी सोडायला नळ नाही आणि दुरुस्ती धड झालेली नाही, असं त्याने स्वच्छ लिहून दिलं. मॉरेल यांनी दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलायची तयारीही दाखवली. क्लबकडून उत्तर काय आलं? आमच्यापासून तुम्हाला काहीही धोका नाही, अशा अर्थाचं!

३१ मे १८८९ रोजी, मोठ्या पावसानंतर, दुपारी ते धरण फुटलं. २,२०९ माणसं गेली. त्या सकाळी क्लबच्या अध्यक्षाने मजूर लावून माथ्यावर माती चढवायचा आणि बाजूने दुसरा सांडवा खणायचा प्रयत्न केला. पण घराला आग लागल्यावर विहीर खणायला घेतली तर पाणी कधी लागणार? तारेने इशारे गेले, तेही फारसे कुणी मनावर घेतले नाहीत, कारण धरण फुटणार हे लोक वर्षानुवर्षं ऐकत आले होते. पुढे खटले झाले, पण क्लबकडून कुणालाही कोर्टातून एक पैसा मिळाला नाही. देवाची करणी ठरली. माथा खाली आणला नसता तरी धरण फुटलंच असतं, असा निर्वाळा त्या वेळच्या अभियंत्यांच्या समितीने दिला होता. अलीकडच्या काळात अभ्यासकांनी पुन्हा हिशेब मांडून दाखवलं आहे की त्या बदलांमुळे धरणाची जादा पाणी काढून द्यायची ताकद बरीच घटली होती आणि समितीचा निष्कर्ष टिकत नाही. सव्वाशे वर्षांनी मिळालेल्या या न्यायाने बुडालेल्यांना काय मिळालं, ते सांगायला नको.

"ते बहात्तर फुटी अजस्र धरण होतं, आमचं तळं किती लहान!" हे उत्तर तयार असणार, ठाऊक आहे. म्हणून आता लहान धरणाची गोष्ट.

जॉर्जिया राज्यात टोकोआ नावाच्या गावाजवळ एक सुंदर धबधबा आहे. त्याच्या वरच्या अंगाला केली बार्न्स नावाचं धरण होतं. १८९९ साली तिथे लाकूड-दगडाचा बांध घातला होता. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस खालच्या बायबल शिक्षणसंस्थेने त्यावर मातीचा भराव टाकून त्याची उंची वाढवली. वीज तयार करायला. १९५७ साली वीजनिर्मिती बंद झाली. धरण मात्र राहिलं, करमणुकीचं तळं म्हणून. उंची ३८ फूट, लांबी सुमारे ४०० फूट. मागचा उतार जवळजवळ ४५ अंशांचा, त्यावर झाडं वाढलेली. १९७३ सालच्या एका छायाचित्रात तो उतार एके ठिकाणी घसरलेला दिसतो. चार वर्षांनी, ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे दीडच्या सुमारास, चार दिवसांच्या पावसानंतर धरण फुटलं. पाणी धबधब्यावरून थेट कॉलेजच्या वसाहतीत आलं. माणसं झोपेत होती. ३९ जण गेले, त्यांत लहान मुलं होती. ज्यांच्यासाठी ते तळं शोभेचं होतं, तीच ही माणसं. कुणी दुष्ट नव्हतं, कुणी लोभी नव्हतं. एका जुन्या बांधाकडे 'रोजचाच आहे' म्हणून पाहायची सवय झाली होती, एवढंच.

तिसरं उदाहरण हवाई बेटांतलं. कवाई बेटावर का लोको नावाचा जलाशय, मूळचा उसाच्या मळ्यांसाठी १८९० च्या सुमारास बांधलेला. मळे गेले, जमीन खासगी मालकाकडे आली. १४ मार्च २००६ च्या पहाटे तो फुटला आणि सात जण वाहून गेले. चौकशीत मुख्य मुद्दा निघाला तो सांडव्याचा: तो बुजवला गेला होता. सरकारी तपासणीही तिथे झालेली नव्हती.

तिन्ही गोष्टी एका ओळीत ठेवून पाहा. कालव्यासाठी, विजेसाठी, उसासाठी धरण बांधलं. काम संपलं. काम होतं तोवर त्यावर कुणाचा तरी पोटापाण्याचा धंदा अवलंबून होता, म्हणून राखणदार होता. पाणी कमी झालं की चाक थांबायचं, पीक वाळायचं, कुणीतरी धावत यायचं. शोभेच्या तळ्याला असा राखणदार नसतो. त्याची देखभाल माळ्याकडे असते, आणि माळी पाण्याचा काठ बघतो, बांधाची पाठ बघत नाही. बांधाचं आजारपण तर पाठीवरच दिसतं. उपयोग संपला म्हणून पाण्याचं वजन कमी होत नाही, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

टोकोआनंतर अमेरिका खडबडून जागी झाली. धरणांच्या तपासणीचा कायदा तिथे १९७२ सालीच झाला होता, पण तपासणीला पैसेच दिले गेले नव्हते. अध्यक्ष कार्टर जॉर्जियाचेच. त्यांनी, ज्यांच्या खाली वस्ती आहे अशा बिगर-केंद्रीय धरणांची तपासणी सुरू करवली. चार वर्षांत सुमारे ८,८०० धरणं पाहिली गेली आणि त्यातली एक तृतीयांश असुरक्षित निघाली. तीनातलं एक! आज तिथल्या राष्ट्रीय नोंदवहीत नव्वद हजारांहून जास्त धरणं आहेत, निम्म्याहून अधिक खासगी मालकीची, आणि मुख्य उपयोग म्हणून सर्वांत जास्त वेळा नोंद आहे ती करमणुकीची.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे धरण सुरक्षा कायदा २०२१ साली झाला. उशिरा का होईना झाला, चांगलं झालं. मालक सरकार असो की खासगी कंपनी, तो दोघांनाही लागू आहे. पण कुठल्या धरणांना? पंधरा मीटरपेक्षा उंच असेल तर. दहा ते पंधरा मीटरच्या मधलं असेल तर आणखी एखादी अट पुरी व्हावी लागते: लांबी निदान ५०० मीटर, किंवा साठा निदान दहा लाख घनमीटर, किंवा पुराचा विसर्ग सेकंदाला निदान दोन हजार घनमीटर, किंवा पायाची विशेष अडचण, किंवा बांधणी असामान्य.

या कसोटीवर केली बार्न्स धरण घासून पाहा. उंची ३८ फूट म्हणजे साडेअकरा मीटर. लांबी १२० मीटरच्या आसपास. फुटलं त्या वेळचा साठा पावणेआठ लाख घनमीटरच्या जवळपास. म्हणजे उंची, लांबी, साठा या तिन्ही मापांत ते आपल्या कायद्याच्या बाहेर राहिलं असतं! पोटात जुना लाकूड-दगडाचा बांध होता म्हणून कदाचित त्याला 'असामान्य बांधणी' म्हणता आलं असतं, पण त्यासाठी कुणीतरी आधी तपासायला हवं. आणि कायद्याबाहेरच्या धरणाला तपासायला जाणार कोण? ३९ माणसं बुडवणारं धरण ज्या चाळणीतून गळून पडतं, त्या चाळणीची भोकं मोठी आहेत असंच म्हणावं लागेल. दहा मीटरच्या खालचे बांध तर चाळणीपर्यंतही पोचत नाहीत.

चूक मापात आहे. धरणाचा धोका त्याच्या उंचीवर ठरवायचा नसतो, खाली कोण झोपलं आहे त्यावर ठरवायचा असतो. माळरानावरचा बारा मीटरचा बांध फुटला तर बाभळी वाहून जातील. वाडीच्या डोक्यावरचा सहा मीटरचा फुटला तर वाडी जाईल.

आमच्या घरात एक भाचा वकील आहे. त्याने मला दोन जुने निकाल वाचायला दिले. पहिला रायलंड्स विरुद्ध फ्लेचर, इंग्लंडमधला, १८६८ सालचा. गिरणीमालकाने आपल्या जमिनीत जलाशय बांधला, पाणी जमिनीखालून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरलं. निकाल असा की सुटलं तर नुकसान करील अशी गोष्ट ज्याने आपल्या फायद्यासाठी जमिनीवर आणून साठवली, त्याची जबाबदारी त्याच्यावर. त्याची चूक सिद्ध करत बसायची गरज नाही. दुसरा निकाल आपल्या देशातला, १८७४ सालचा. कार्वेतनगरच्या जमीनदाराचे तलाव फुटून मद्रास रेल्वेचे पूल आणि मार्ग यांचं नुकसान झालं. प्रिव्ही कौन्सिलने जमीनदाराला तोच कडक नियम लावला नाही. कारण काय दिलं? इथे तलाव राखणं हे जुन्या रिवाजाने आलेलं लोकोपयोगी कर्तव्य आहे, लोकांची शेती त्यावर चालते. निष्काळजीपणा दाखवला तरच तो जबाबदार.

मला हा दुसरा निकाल फार बोलका वाटतो. शेतकऱ्याच्या पाण्यासाठी तलाव राखणाऱ्याला कायद्याने थोडं झुकतं माप दिलं, कारण पाणी सगळ्यांचं होतं. मग ज्याचं पाणी फक्त त्याच्या पाहुण्यांच्या डोळ्यांसाठी आहे, त्याने ते माप कुठल्या तोंडाने मागावं?

"सरकारी धरणं तरी कुठे धड आहेत?" हाही प्रश्न येतो. नाहीत, हे खरंच. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं आणि वीसहून जास्त माणसं गेली. गावकऱ्यांनी आधीच गळतीच्या तक्रारी केल्या होत्या. त्यानंतर एका मंत्रिमहोदयांनी दोष खेकड्यांवर ढकलला आणि महाराष्ट्र हसला. मला हसू आलं नाही. खेकडा, उंदीर, घूस बिळं करणारच, तो त्यांचा धर्म. ती वेळेवर बघून बुजवायला माणूस ठेवणं हा धरणवाल्याचा धर्म. सरकारी धरणात ढिलाई झाली म्हणून खासगीला सूट, हा न्याय कुठला? तिवऱ्याची तक्रार करायला निदान दार ठाऊक होतं. फार्महाऊसच्या तळ्याच्या खालच्या वाडीने कुठल्या दारावर जायचं? फाटकावरच्या वॉचमनकडे?

आणखी एक भीती मला खरी वाटते: तपासणीचा नियम आला की चिरीमिरीचा नवा धंदा सुरू होईल. होऊ शकेल. म्हणून मी फार काही मागत नाही. बांधाच्या खाली राहतं घर असेल तर बांध लहान असो की मोठा, त्याची नोंद ग्रामपंचायतीत आणि तहसीलदाराकडे असावी. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा स्थापत्य अभियंत्याने बांध पाहावा, खर्च मालकाने करावा आणि अहवालाची प्रत चावडीवर लागावी. खालच्या लोकांना वाचता येतं. गढूळ पाझर तर त्यांना अभियंत्याच्या आधी दिसतो. आणि ज्याला हे झेपत नाही त्याने उन्हाळ्यात, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, तळं रिकामं करून बांध रीतसर कापून टाकावा. त्यात लाज कसली?

आता शेवटचं, घरच्या मुलांसाठी. प्लॉट बघायला जाता तेव्हा सातबारा बघता, रस्ता बघता, विजेचा खांब किती लांब ते बघता. पुढच्या वेळी तळ्याच्या काठावर फोटो काढून झाला की बांधाच्या मागच्या बाजूला उतरून पाया ओला आहे का पाहा. झाडं किती आहेत ती मोजा. सांडवा कुठे आहे विचारा, त्यावर जाळी किंवा पूल आहे का पाहा. तळ रिकामा करायचा नळ कुठे आहे आणि तो शेवटचा कधी उघडला होता, तेही विचारा. सगळे प्लॉट विकून बिल्डर निघून गेला की हा बांध कागदोपत्री कुणाचा, हे लेखी मागा. आणि तिथूनच खाली बघा, कुणाच्या घरातून धूर निघताना दिसतो का. दिसला तर त्या घरी जाऊन विचारा, वर किती पाणी आहे ते तुम्हाला कुणी सांगितलं आहे का?

"आत्या, तू उगाच घाबरवतेस," असं कुणी म्हणेल. म्हणू दे. त्या घरातल्या माणसांना कुणी विचारलेलं नाही, आणि तळं त्यांच्या डोक्यावर आहे.